वाळ्याच्या ताटीची मोटार

सोलापूर,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थरूप अक्कास,

धाकटा भाऊ रावजी याचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे घामानं निथळताहेत, पण खुशाल आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? तुमच्या मोडनिंबच्या म्हशीचीही प्रकृती कळव (मागच्या कार्डात तिची चौकशी करायची राहिली, त्याचा तुला राग आला असणार).

त्या कार्डाला तू धाडलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. "उनाचं यायला हुत न्हाय, बोलवू नगंस." आई गेल्यापासून दरसाल तुझं हेच. कधी गुडघे, कधी म्हैस, यंदा ऊन. मी मनाशी म्हटलं, गुडघ्यांना आणि म्हशीला माझा इलाज नाही, पण उन्हाचा बंदोबस्त करतो आणि अक्काला माहेरी आणतोच.

म्हणून इथल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली. दोन्ही खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, टपावर पत्र्याची टाकी आणि टाकीतून ताटीवर पाणी ठिबकवणारी नळी. मोटार पळाली की वारा ओल्या वाळ्यातून आत येतो आणि आतला माणूस गार होतो, अशी योजना. सुरुवातीला खरंच असा गारवा यायचा की सोनाबाई लुगडं बदलून तयार बसायची, "चला की कुठंतरी" म्हणून. (लग्नानंतर प्रथमच तिला माझ्याबरोबर कुठंतरी जावंसं वाटलं.)

तुला आणण्याआधी एक रंगीत तालीम म्हणून परवा मोहोळला निघालो. बरोबर गुरुबसप्पा होते. आपल्या वडिलांचे स्नेही, तुला चुरमुऱ्याचे लाडू आणायचे ते. आता कान गेले आहेत, भीड मात्र शाबूत आहे. मोटार हाकायला सिद्धाप्पा. निघताना मी म्हटलं, "सिद्धाप्पा, आज गारवा जरा कमी वाटतो." तो म्हणाला, "वास हाय न्हवं मालक? मग गारवा हायच की!" आणि वास तर असा होता की विचारू नकोस. मी डोळे मिटले आणि थेट आपल्या जुन्या माजघरात जाऊन बसलो. दुपारची ताटी सोडलेली, तू सागरगोटे खेळतेस, आई पाण्याचा हबका मारते आणि दोन थेंब मुद्दाम आपल्या अंगावर उडवते. घाम पाठीवरून ओघळत होता आणि मी म्हणत होतो, काय गार आहे! मी गुरुबसप्पांना ओरडून विचारलं, "थंडी तर वाजत नाही ना?" त्यांनी उपरणं कानाला गुंडाळलं आणि म्हणाले, "लई गार लागतंय, रावजी." त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून ठिबकणारं पाणी टाकीचं असावं, असं मी धरून चाललो.

मोहोळात मावशीकडं लोण्याचा डबा द्यायचा होता. उघडला तर आत लोण्याची पातळ आमटी. लोण्याला भीडभाड नसते. मग गुरुबसप्पांनी कानाचं उपरणं सोडून पिळलं.

ताटी उतरवली तेव्हा उलगडा झाला. रस्त्याची धूळ, त्यावर आपल्या विहिरीचं खारं पाणी, त्यामुळं वाळ्याची चांगली लिंपलेली भिंत झाली होती. वाऱ्याला आत यायला भोक नाही. आणि वास? तो सोनाबाईनं ताटीवर शिंपडलेल्या वाळ्याच्या अत्तराचा. "वास न्हाय आला तर वन्सं नावं ठिवतील," म्हणे. ताटी बिघडली की नाही हे नाकानं ओळखायचं नसतं, हे आपल्याला आईनं शिकवलं होतं गं. पाडवा झाला की ती ताटी अंगणात झोडपायची, उन्हाकडं धरायची आणि पलीकडून तुला विचारायची, "उजेड दिसतोय का?" उजेड येतो तिथून वारा येतो. तू न बघताच "दिसतोय" म्हणून पळायचीस. फार आठवण येते त्या दिवसांची. आता असं विचारणारं घरात कुणी नाही.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रावजी

ता. क. ताटी मी स्वतः झोडपली. फार जोरानं झोडपली. आता मोटारीला ताटी नाही.

ता. क. दुसरा. ऊन आणि गुडघे ही निमित्तं आहेत. "आई गेली, म्हायेर सपलं" असं तू शेजारच्या रंभाबाईपाशी म्हणालीस ते मला कळलं. मला ते फार लागलं, अक्का. आई गेली, पण मी आहे ना?

ता. क. तिसरा, पेन्सिलीनं. पत्र पेटीत टाकायला म्हणून मोटारीनं निघालो आणि पेटीवरून तसाच पुढं मोडनिंबला आलो. तुझ्या सुनेच्या हाती आत पाठवतो आहे, कारण समोर आलो की तू मला बोलू देत नाहीस. मी तुझ्याच ओट्यावर बसलो आहे. दाजी मघापासून पाऊसपाण्याचं बोलताहेत आणि मला काही ऐकू येत नाही. तुला माहेरी न्यायला मुराळी आलाय, अक्का. चहा नको. लुगडी बांध आणि बाहेर ये.