साल निघाली

प्रिय वसीला,

दर बुधवारी आई बाजारात गेली की आपण फोनवर चोरून बोलतोच, मग ही एवढी लांबलचक चिठ्ठी कशाला, असं तुला वाटेल. फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच रडू फुटलं असतं आणि तू घाबरून भलतंच काहीतरी समजली असतीस. शिवाय पाकिटात फोनमधून न जाणारी एक वस्तू आहे. ती आधी काढून बघू नकोस. तुझा उतावळा स्वभाव मला माहीत आहे, पण एवढं ऐक, सरळ वाचत ये.

मार्चमध्ये आमच्या वनखात्याच्या कचेरीत तीन छुपे कॅमेरे आले. विटेएवढे, झाडाच्या रंगाचे; समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे. रानातून बुचाच्या ओकची साल चोरीला जायला लागली होती, म्हणून. एक कॅमेरा वरच्या झऱ्यापाशी लावायला मला आणि अम्म तय्यबना पाठवलं. आठवतात ना, बाबांबरोबर साल काढायला जायचे ते आपले काका? आता वनरक्षक म्हणून निवृत्तीला आलेत. आम्ही कॅमेरा वेलीच्या आड, छातीच्या उंचीवर बांधला, तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन आत शिरत नाही. मग चाचणीसाठी अम्म तय्यब रुमालाने तोंड झाकून चोरासारखे दबकत समोरून गेले. एकदा नाही, सहा वेळा. मी बस म्हटलं तर म्हणाले, “पोरी, जन्मभर चोरांच्या मागे पळालो, एकदा चोर होऊन बघू दे की!”

पहिल्या कार्डावर बाराशे फोटो निघाले. सहा अम्म तय्यबचे आणि उरलेले सगळे एका नेच्याच्या पानाचे. लेन्ससमोरचा नेचा कापायचा मी विसरले होते. वारा आला की तो मान डोलवायचा आणि कॅमेरा इमानेइतबारे फोटो काढायचा. कचेरीत माझं नाव नेचाबाई पडलं, ते अजून सुटलेलं नाही. नेचा कापला. दुसऱ्या कार्डावर एक बारशिंगा होता, रानडुकरांचं आख्खं खटलं होतं, आणि आपली आई होती.

ती कुठल्या झाडापाशी होती ते तू ओळखलंच असशील. आपण दोघींनी नऊ वर्षांत त्याचं नाव काढलं नाही, म्हणून आज मीच काढते. त्या दिवशी मजुरांनी त्याची साल नुकतीच उतरवली होती, खोड लालभडक उघडं पडलं होतं आणि कुणीतरी त्यावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा घातला होता, ६. तू नौफलशी लग्न करून दक्षिणेला जायला निघाली होतीस, त्याच्या ट्रकमध्ये, सालींच्या ढिगापुढे बसली होतीस. तुझ्या लग्नाचा मामाला दिलेला शब्द मोडला म्हणून आई संतापली होती. त्या ओल्या खोडावर हात ठेवून ती ओरडली, “ह्या झाडाची साल पुन्हा निघेल तेव्हाच माझा उंबरा चढ!” तू मागे वळून पाहिलं नाहीस. मी पाहिलं. ट्रक वळणाआड गेला तरी तिचा हात खोडावरच होता.

शेजारणींनी तिला कितीदा समजावलं, तीन रोजे धर, शपथ सुटते. पण ही बाई कसली ऐकते! “मी शपथ घेतली ती पाळायला, सोडवून घ्यायला नाही.” आणि आपल्या इकडे साल बारा वर्षांनी काढतात. अजून तीन वर्षं उरली. तिचे गुडघे गेलेत, छातीत धडधडतं, डॉक्टरांनी चढण बंद केली आहे. ही तीन वर्षं तिच्याजवळ आहेत की नाहीत, याची मला धास्ती होती. तुला सांगितलं नाही, माफ कर.

तर फोटो. दर शुक्रवारी सकाळी ती रैहानची सुवासिक पानं आणते म्हणून टोपली घेऊन जायची आणि रिकामी टोपली घेऊन परतायची. फोटोत ती झाडापाशी बसलेली दिसते, धाप लागलेली. मग उठते आणि जुन्या सालीच्या कडेला नव्या सालीवर दोन बोटं आडवी लावते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन बोटं. मला आधी काही उमगेना. मग आठवलं, जिला रानातलं काही ऐकायला नको असतं ती हल्ली मला विचारते, वरच्या झऱ्यावर यंदा कापणी नाही का? आणि परवा, भांडी घासता घासता, “दक्षिणेत म्हणे पोरांना सारखे खजूरच देतात. दात किडत असतील बिचाऱ्यांचे.” वसीला, ती सालीची जाडी मोजत होती. मी कचेरीतल्या खुर्चीत बसून हमसाहमशी रडले.

गेल्या शुक्रवारच्या फोटोंत तिच्या हातात बाबांची कुऱ्हाड आहे. उन्हाळ्यात झाडांची साल सुटायला लागल्याबरोबर ही गेली! चार घाव, मग दांड्याचं चपटं टोक आत सारून हलकेच उचकटलेला तळहाताएवढा तुकडा. मी जाऊन पाहिलं, आतल्या सालीला ओरखडासुद्धा नाही. म्हणजे इतक्या शोधानंतर माझ्या कॅमेऱ्यात सापडलेला पहिला सालचोर माझी आई! कार्ड अम्म तय्यबपुढे ठेवलं. त्यांनी सगळे फोटो पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “डुकराने खरवडलंय. त्याला कुऱ्हाड कुठे मिळाली, ते अहवालात लिहू नकोस.”

घरी येऊन मी आईला फोटो दाखवले. तिचं तिला न विचारता पाहिलं, याची लाज वाटत होती. ती म्हणाली, “ओढणी किती विटलीय ही, सांगायचं नाही का?” मग उठली आणि पिठाच्या डब्यामागून तो तुकडा काढून माझ्या हातात दिला. “तोंडाने ये म्हटलं तर तिला वाटेल मी शपथ मोडली. हे पाठव. आणि विचार, साल निघाली की नाही?” आता पाकिटातून काढ तो. मोठ्या ईदला दहा दिवस आहेत. आईने कालच तिसरी गादी उन्हात टाकली, आणि तुझी मुलं किती आहेत ते स्वतःला माहीत नसल्यासारखं मला विचारून, चौथीही.

वाट पाहणारी,
तुझीच
हयात