नैनीतालला धरलेला पदर

॥ श्री ॥

गोळीबार चौक, नागपूर
दिनांक ९ जून १९७९, शनिवार

चि. जागेश्वर यास,

वडील बंधू महादेवचा आशीर्वाद. सौ. मैनाबाई व मुलेबाळे खुशाल आहेत असे धरून चालतो. इकडे ऊन अद्याप उतरलेले नाही. चौदा वर्षांनी माझे अक्षर पाहून कोणी गेले की काय, अशी तुला शंका येईल. कोणी गेलेले नाही.

चि. अनंत कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीस आहे, हे तुझ्या कानावर असेलच. यंदा त्याला कचेरीकडून प्रवासाची सवलत मिळाली. तीत आईवडिलांनाही नेता येते. तुझी वहिनी मागेच गेली, हे तू ऐकलेच असशील, म्हणून मी एकटाच अनंत व सूनबाई यांच्याबरोबर गेलो. आग्र्याला गाडी बदलून काठगोदाम, व तेथून मोटारीने नैनीताल. मोटारीत मला दोनदा उलटी झाली. बाकी प्रवास सुखरूप झाला.

तेथे डोंगरांच्या मधोमध मोठा तलाव आहे. उन्हाळ्यात लांबलांबचे लोक गारवा घेण्यास येतात. परंतु गारवा घेणे हेही तेथे कष्टाचेच काम आहे. सकाळी घोड्यावर बसून टेकडीवर जावे लागते. वर दुर्बीणवाला बर्फाचे डोंगर दाखवतो. मी डोळा लावला. पांढरे काही दिसले. ढग की बर्फ, ते सांगता येत नाही. नंतर पहाडी पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढतात. सूनबाई जयाने माझ्या डोक्यावर गोल टोपी ठेवली व म्हणाली, "मामाजी, एकदम पहाडी दिसून राहिले तुम्ही!" मी टोपी काढून फोटोवाल्याच्या हाती दिली. संध्याकाळी सर्व मंडळी तलावाच्या कडेच्या रस्त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात, व काही काम नसताना परत येतात. माझे गुडघे चढणीला तयार नसल्यामुळे बहुतेक दिवस मी बाकावर बसून सर्वांचे स्वेटर सांभाळले.

शेवटच्या दिवशी नावेत बसण्याचे ठरले होते. ते राहून गेले. कारण क्षुल्लक आहे. लिहिण्याजोगे नाही.

परत आल्यापासून घरातील वागणे बदलले आहे. मी एकटा चौकात निघालो की जया चप्पल घालून मागे येते. रोज सकाळी चहा देताना, "मामाजी, आज कोणता वार जी?" असे विचारते. काल शुक्रवार होता. मी मुद्दाम मंगळवार सांगितला. ती पदराने डोळे पुसू लागली, म्हणून लगेच शुक्रवार सांगितला. तेव्हा ती अधिकच रडली. येत्या एकवीस तारखेला मला सदर भागातील डोक्याच्या डॉक्टरांकडे नेण्याचे ठरले आहे. अनंतने त्यासाठी रजा टाकली आहे.

तेव्हा ते क्षुल्लक कारण लिहिणे भाग आहे.

नावांच्या घाटावर आम्ही रांगेत उभे होतो. अनंत तिकिटाच्या खिडकीशी होता. माझ्या पुढे एक मराठी बाई व त्यांचे यजमान होते. वारा सुटला होता. बाईंचा पदर उडून माझ्या हातावर आला. मी काठ अंगठा व बोट यांच्यात धरला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला व पाहू लागलो. मागावरून उतरलेले लुगडे आपण पाहतो, तसे. त्या लुगड्यात कोणी बाई आहे, याचे मला भान राहिले नाही.

"अहो! हे काय चाललंय?" बाई ओरडल्या.

मी म्हणालो, "ही उमरेडची आहे."

"मी पुण्याची आहे!"

"आजोबा, तुमच्या वयाकडे बघून गप्प आहे मी," यजमान म्हणाले. "सोडा तो पदर."

"माझ्या भावाने विणली आहे," असे म्हणून मी त्यांना दाखवण्यासाठी काठ आणखी पुढे ओढला. लोक जमले. नाववाला खालून ओरडला, "अरे, बाबा को संभालो, पानी में जाएँगे!"

अनंत धावत आला. त्याने त्या गृहस्थांपुढे हात जोडले. "माफ करा साहेब. वय झालंय. डोकं ठिकाणावर नसतं त्यांचं."

जागेश्वर, या मुलाने माझ्यासाठी आजवर कोणापुढे हात जोडले नव्हते. मी तसा प्रसंगच येऊ दिला नव्हता.

खोलीवर आल्यावर तो मला म्हणाला, "बाबा, परक्या बाईच्या पदराले काहून हात लावला जी तुम्ही?"

"जागेश्वरचे काम होते ते."

"काका चौदा वर्षांपासून आपल्या घरी नाही आले. तुम्हाले पुण्याच्या बाईच्या अंगावर कसे दिसले?"

"काठावरून ओळखले."

 मग तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच तर सांगत होते ना, काकाले काठ जमत नाही म्हणून?"

 मी उत्तर देत नाही असे पाहून दोघांनी डॉक्टरांचे ठरवले.

साडी अशी होती. अंग कोशाच्या रेशमाच्या मूळ रंगाचे, काठ वांगी रंगाचा, त्यावरचे करवतीसारखे दात बारीक. प्रत्येक दातापाशी धागा आतून वळवलेला. आपल्यांत सर्वजण तो वरून वळवतात. तू डावखुरा, म्हणून तुझा आतून वळतो. एवढ्या लांबीत एकही दात सुटलेला नव्हता. अशी साडी तू अलीकडे विणली असल्यास तसे अनंतला एका कार्डावर कळवावे. कार्ड वीस तारखेपर्यंत मिळावे.

याआधी दोन पत्रे लिहिली, ती येथेच संपवली व फाडली. साक्ष मागायची आणि कशाची ते सांगायचे नाही, हे योग्य दिसेना.

पासष्ट साली विणकरांच्या सोसायटीच्या खोलीत बाहेरगावचे खरेदीदार आले होते. आपली दोन लुगडी पुढे होती. त्यांनी एक उचलले, काठ पाहिला व म्हणाले, "महादेवराव, हा हात तुमचाच." ते लुगडे तुझे होते. मी "होय" म्हणालो. तू दारात उभा होतास. तू बोलशील, म्हणून मीच आधी बोललो की, जागेश्वरचा हात काठाचा नव्हे, तो मागाच्या बाजूला बसून धोटा फेकण्यापुरता. सगळे हसले. तूही हसलास असे मला वाटले. आठ दिवसांनी तू मैनाबाईला घेऊन उमरेडला गेलास, आणि मी लोकांना सांगितले की भाऊ रागीट आहे.

तेच मी घरात सांगितले, मुलाला सांगितले, पुढे स्वतःलाही सांगत राहिलो. नैनीतालला तुझा हात एका क्षणात ओळखला, कारण पासष्ट सालीही ओळखला होता. माझे डोके तेव्हाही ठिकाणावर होते.

तुझा काठ माझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हाही होता. वीस वर्षे तुला मागाच्या बाजूला बसवून ठेवले, ते याच भीतीने.

आता थकलो. खोटे मी चारचौघांत बोललो होतो. तेव्हा हे पत्र घरात दडवू नकोस. तुमच्याकडील विणकर मंडळींना जमवून मोठ्याने वाच. अनंतला कार्ड टाकायचे की नाही, ते त्यानंतर ठरव. न टाकलेस तर माझी तक्रार नाही. एकवीस तारखेला डॉक्टर विचारतील त्याची उत्तरे देईन, आणि मुलगा सांगेल तसा राहीन.

सौ. मैनाबाईस नमस्कार. लहान आहे म्हणून आशीर्वाद लिहिणार होतो, नमस्कारच लिहितो.

पूर्ण शुद्धीत व स्वहस्ते लिहिले.

महादेव श्रावण पराते