पंप बंद करण्याचा अर्ज

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी इंग्लंडात, मिल्टन कीन्सला, तुमच्या नातवाच्या किचनमध्ये बसलोय. घरात कुणी नाही. हॉब, म्हणजे इथली शेगडी, बंद आहे का, मागचं दार लॉक आहे का, तीनदा बघून आलो. तुम्ही म्हणायचात, "ह्याला काळजीचा रोग आहे." आहेच. पण एका गोष्टीची मला काळजी वाटत नाही, आणि नेमकी तीच तुम्हाला कधी सांगितली नाही. आपल्या स्टेशनचा पंप मी बंद पाडला.

काल तुमची पणती शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती. इथून जवळ रेल्वेच्या कारखान्यासाठी वसवलेलं एक जुनं गाव आहे, त्यावर लिहायचं होतं. "आजोबा, तुमचा गाव पण रेल्वेनी केली होती ना?" तिचं मराठी असंच. म्हटलं, हो. नुसतं माळरान होतं. इंजिनाला तहान लागायची तिथे नदी होती, म्हणून टाकी आली, टाकीसाठी पंप आणि पंपासाठी तुम्ही. मग क्वार्टर्स, चौथीपर्यंतची शाळा, शुक्रवारचा बाजार. इंजिन पाणी पीत उभं आहे, बायका ड्रायव्हरकडून कढत पाण्याच्या बादल्या भरून घेतायत, आई ओरडतेय, "अगं, आधी बाळंतिणीला द्या!" आणि तुम्ही पंपाच्या दारात, हातात तेलकट फडकं, सगळ्या गावाचे मालक असल्यासारखे.

मग डिझेल आलं. त्याला पाणी नको, थांबायला कारण नको. बाजार मोडला, चहावाला गेला. तुम्ही क्वार्टर्सच्या नळांसाठी पंप चालवत राहिलात. माझा मुलगा चौथीत होता. मी चौथीनंतर थांबलो, तोही तिथेच थांबला असता. बदली मागा म्हटलं तर म्हणालात, "लोकांचं पाणी सोडून कुठं जाऊ? तू जा, भित्र्या." तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं, अर्ज सगळे मीच लिहायचो. त्या दिवशी तुम्ही वॉशर आणि ग्रीस मागवायला सांगितलंत. मी तुमच्या नावानं लिहिलं, पंपाला आता काम उरलेलं नाही, तो बंद करून मला जंक्शनला घ्यावं. तुम्ही कागद गुडघ्यावर ठेवून सही केलीत आणि विचारलंत, "ग्रीस दोन डबे लिहिलंस ना?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

रेल्वेचा साहेब वाटच बघत असावा. पावसाळ्याआधी पंप बंद झाला, नळ कोरडे पडले, दिवाळीला क्वार्टर्समध्ये दिवा लावायला कुणी नव्हतं. जंक्शनच्या खोलीत जेवताना तुम्ही म्हणायचात, "कुठल्या गाढवानं साहेबाचे कान भरले असतील?" मी भाकरी मोडत राहायचो. शेजाऱ्यांच्या घागरी माझ्यामुळे रिकाम्या राहिल्या, हे खरं. तरी आज परत तेच लिहीन. गाव डिझेलनं संपवलंच होतं, मी माझा पोरगा वेळेत बाहेर काढला. तो जंक्शनच्या हायस्कूलला गेला, म्हणून हे किचन आहे.

पणतीला सगळं सांगितलं. तिचं पेन थांबलं. "मग तुमच्या बाबांना कळली तेव्हा ते चिडले?"

"नाही गं," मी म्हणालो, "खूप हसले."

तिनं ते तसंच लिहून घेतलं. आज सकाळी प्रोजेक्ट शाळेत गेला, आणि ती ओळ मी खोडायला सांगितली नाही.