कोंबडीच्या रश्शातली मुळी

लोंगशी, ता. ६ मार्च २००१

चि. पाओलिन यास ताईचा आशीर्वाद. द्यायची रीत आहे, म्हणून देते.

तुझे दाजी परत इस्पितळात आहेत. माझं मूत्रपिंड त्यांच्या पोटात बसवून वर्षही झालं नाही, आणि त्यांचं शरीर आता ते परकं म्हणून हाकलायला निघालंय. घरी काय खायला देता, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंनी ताठ मानेनं सांगितलं, हुआंगचीच्या औषधी मुळ्या घालून कोंबडीचा रस्सा, रोज! लान्चौच्या प्रयोगशाळेतल्या पाहुण्यानंच सांगितलंय म्हणे.

पाहुणा म्हणजे तू. नववर्षाच्या जेवणात दोन पेले चढवून तूच बडबडलास ना, की या मुळीतली साखर कोवळ्या पहारेकरी पेशींना पक्व करते, अंगातली फौज जागी होते? अरे शहाण्या, ती फौज झोपून राहावी म्हणून तर हे रोज मूठभर गोळ्या गिळतात!

लोभाचं पुढं बघू. सध्या राग आहे.

यूचिन

लान्चौ, ता. १० मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून माझंही डोकं फिरलं. मी प्रयोगाच्या बशीतल्या पेशींबद्दल बोललो, त्याही उंदराच्या. माणसाच्या पोटात गेलेल्या रश्शाचं पुढे काय होतं, ते अजून आम्हालाच ठाऊक नाही. आणि त्याच रात्री दाजींना अंगणात नेऊन मी बजावलं होतं, की तुम्ही मात्र या मुळीला शिवायचं नाही. त्यांनी मान डोलावली होती. विचार त्यांना!

शनिवारी येतो. तुझ्या सासूबाईंशी मीच बोलतो.

शिव्या घाल, पण अबोला धरू नकोस.

पाओलिन

लोंगशी, ता. २० मार्च

चि. पाओलिन यास आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

नवं औषध लागू पडलं. मूत्रपिंड वाचलं, थोडं अधू राहील म्हणतात. तू गेल्यावर मी ह्यांना विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, पाओलिननं सांगितलं होतं खरं, पण आई एवढ्या मायेनं वाटी पुढे करायची, तिला नाही कसं म्हणायचं? माझं पोट फाडून घेतलं, आणि भीड मात्र आईची!

तू एवढं समजावूनही सासूबाई काल वाटी घेऊन खाटेशी हजर. मी मध्ये पडले नाही. ह्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिले. शेवटी हे म्हणाले, आई, नको. आवाज चिमणीएवढा, पण म्हणाले.

सासूबाई रुसून घरी गेल्या. रस्सा मी प्यायले, ह्यांच्यासमोर, शेवटच्या घोटापर्यंत.

तुझ्यावरचा राग उतरलाय. ह्यांच्यावरचा नाही.

तुझी ताई
यूचिन