डॉक्टर रोज पडतात

३ मार्च, सोमवार

आज निर्णय घेतला. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे ढिलाई नको.

काल वॉशिंग मशीन आलं. टेम्पोवाला खाली टाकून पसार. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी बाह्या सरसावतोय तोवर हिचा धाकटा भाऊ आला, मशीनला मिठी मारली, उचललं आणि जिना चढायला लागला. वर मला म्हणाला, दाजी, तुम्ही दार धरा. मी दार धरलं. लग्न झाल्यापासून मी दारच धरतोय. फ्रीज आला तेव्हा धरलं, सोफा आला तेव्हा धरलं. ही भावाकडे कौतुकानं बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, लावा आता, डास येतायत.

बस्स झालं. या पोराच्या तोंडून हिच्यासमोर माझं एकदा कौतुक ऐकायचंय. अगदी एकदा. त्याशिवाय थांबायचं नाही.

कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घातलं. वजनं आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स, दोन्ही. म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकदम. एकेक शिकत बसायला आता वेळ नाही.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८

पहिला दिवस. सर बराच वेळ नियम समजावत होते. मी तेवढ्यात चेंजिंग रूममध्ये ‘आधीचा’ फोटो काढून घेतला. दंडाचा काढला. पोटाचा नाही काढला, पोट सगळ्यांना माहीतच आहे.

सरांची नजर तयार आहे. बाकीच्यांना लोखंडी रॉड दिले आणि मला एकट्याला आतून प्लॅस्टिकचा पोकळ पाईप आणून दिला. तो खांद्यावर घेऊन उठाबशा. एकाने हसून बघितलं. जळतात लोक.

५ मार्च, बुधवार

गेलो नाही. स्नायू विश्रांतीत वाढतात असं वाचलं. सकाळी कमोडवर बसलो, ते ठीक झालं. उठताना वॉशबेसिन दोन्ही हातांनी धरलं तरी जमेना. हिला हाक मारावी का, यावर बराच वेळ विचार केला. शेवटी स्वतःच्या हिमतीवर उठलो. आजचा व्यायाम झाला म्हणायला हरकत नाही.

१० मार्च, सोमवार

आज मॅटवर कुस्तीचे डाव. सरांनी जोडी लावून दिली. माझ्या वाट्याला एक दातांचे डॉक्टर आले. बारीक चण, चष्मा काढल्यावर डोळे किलकिले. वर्षभर येतायत म्हणे. बघून कीव आली.

डाव असा: समोरच्याचे पाय धरायचे, खांद्याने रेटायचं आणि पाडायचं. मी धरलं, रेटलं. डॉक्टर धाडकन पडले. मला वाटलं, पाय घसरला असेल. पुन्हा धरलं, पुन्हा पडले. नंतर हात पिरगाळायचा डाव दाखवला, तर मी नुसता मनगटाला हात लावला आणि त्यांनी दुसऱ्या हातानं मॅट थोपटली. थोपटलं की हार, हे मला शेजारच्यानं सांगितलं. किती वेळा हरले ते मोजलं नाही. वर्षभर येऊन ही गत.

मग त्यांची पाळी. त्यांनी माझे पाय धरले. मी सहज उभा राहू शकलो असतो, पण बिचाऱ्याचा किती हिरमोड करायचा, म्हणून पडलो. आपल्याला तेवढं मन आहे. पडलो तोही झोकात. पाठ, हात, सगळं एकदम टेकवून. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना गादी दाखवायला पडतच असतो. सर लांबून म्हणाले, वा, पडावं तर असं. अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी हिला सांगितलं, आज एका डॉक्टरला लोळवलं. ही म्हणाली, का हो, काय केलं होतं त्यांनी.

१८ मार्च, मंगळवार

प्रोटीनचा मोठा डबा आणला. रोज दोन चमचे घ्यायचे असतात. आपल्याला घाई आहे म्हणून सहा घेतले. दुपारी दुकानात एक जोडपं गादी बघत होतं. मी जवळ गेलो की ते लांब जायचे. मालकांनी एसी चालू असताना खिडक्या उघडल्या. उद्यापासून तीन चमचे.

२२ मार्च, शनिवार

शनिवारी जिममध्ये म्हणे ‘खरी’ लढत असते. शनिवारी दुकानात गर्दी, मला जमत नाही. आणि येतं ते परत काय दाखवायचं. डॉक्टर जातात शनिवारी. जाऊ देत, त्यांना गरज आहे.

दुपारी गोडाऊनमध्ये कोणी नव्हतं. डबलबेडची गादी भिंतीला उभी होती. तिच्यावर डाव करून बघितला. धरलं बरोबर, पण ती पुढे पडली. मालकांनी आणि हिशेबनिसानं ओढून बाहेर काढलं. मालक म्हणाले, झोपायचं असेल तर गादीवर झोपतात, खाली नाही. सामना बरोबरीत सुटला असं मी धरतो.

७ एप्रिल, सोमवार

लोखंडी रॉड मिळाला. नुसता, बाजूला चकत्या न लावता. सुरुवात झाली म्हणजे निम्मं काम झालं. आरशात बघितलं, दंडात फरक आहे. हिला दाखवला. ही म्हणाली, तिथे काही चावलंय का.

वीस तारखेला जिमच्या वार्षिक दिवशी घरच्यांसमोर मैत्रीचे सामने आहेत. मी सरांना म्हणालो, माझं नाव घ्या. सर म्हणाले, एकदा शनिवारी येऊन बघा ना आधी. मी म्हणालो, शनिवारची काळजी नको. सरांनी यादीवर नजर फिरवली. मग म्हणाले, बरं, डॉक्टरांबरोबर लावतो, सांभाळून घेणारा माणूस आहे. मला हसूच आलं. कोण कुणाला सांभाळणार.

मेहुण्याला फोन करून बोलावलं. समोर कोण आहे असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, आहे एक, रोज हरतो माझ्याकडून. तो म्हणाला, दाजी, छुपे रुस्तम निघालात की. घोडामैदान जवळच आहे.

१९ एप्रिल, शनिवार

उद्यासाठी डॉक्टरांना मुद्दाम फोन केला. म्हणालो, मनाला लावून घेऊ नका, खेळच आहे. ते म्हणाले, अहो छे, मजा करू. साधा माणूस. त्यांच्या बायकोमुलांसमोर फार लवकर पाडायचं नाही असं ठरवलंय. जरा खेळवून मग.

२० एप्रिल, रविवार. दुपारी ४

डावा खांदा शेकतोय, उजव्या हातानं लिहितोय.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. शिट्टी झाली. मी जाऊन डॉक्टरांचे दोन्ही पाय धरले. नेहमीसारखे. खांद्याने रेटलं. नेहमीसारखं. आणि डॉक्टर पडेनात. मला वाटलं, शिट्टी ऐकली नसेल. पुन्हा रेटलं. उभेच. खालून हळूच म्हणालो, डॉक्टर, पडा की. ते वाकून म्हणाले, लागलं का कुठे.

रोज पडणारा माणूस ऐनवेळी पडत नाही, याला काय म्हणावं.

पुढच्या क्षणी छत दिसलं. मग डॉक्टर छातीवर, माझा हात त्यांच्या काखेत. तेवढ्यात त्यांनी दवाखान्यातल्या सवयीनं सांगितलं, दुखलं तर हात वर करा हं. एक हात त्यांच्याकडे, दुसरा माझ्याच पाठीखाली. कुठला वर करणार. पायानं मॅट थोपटली.

नंतर सरांना जाब विचारला. ते म्हणाले, अहो, सरावात समोरच्यानं पडायचंच असतं, त्याशिवाय डाव बसणार कसा. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हीही पडत होतात की डॉक्टरांसाठी. मी म्हणालो, मी मुद्दाम पडत होतो. सर म्हणाले, तेच म्हणतोय.

मेहुणा हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाणी आणून दिलं. फार वाईट वाटलं. हिनं विचारलं, रोज हरतात ना ते? मी म्हणालो, रोज हरतात. आज नशीब त्यांचं.

५ मे, सोमवार

जिम सोडणार होतो. खांदा बरा झाल्यावर तसं सांगायला गेलो, तर समोर मेहुणा उभा. त्यानंही नाव घातलंय. त्या दिवशी बघून आवड लागली म्हणे. सर म्हणाले, बरं झालं आलात, हे नवीन आहेत, यांना तुम्ही घ्या. पडण्यात तुमच्याइतकं सफाईदार इथे कोणी नाही.

म्हणजे मी आता जवळजवळ सहायक प्रशिक्षकच. मेहुण्यानं धरलं, मी पडलो. त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलो. सर नियम सांगत होते तेव्हा हा पठ्ठ्या आरशासमोर होता, ते मी बघितलं होतं. सांगेन सावकाश.

१४ मे, बुधवार

मेहुणा जेवायला आला होता. हिला सांगत होता, ताई, माझ्या हातातच काहीतरी आहे. धरलं की माणूस पडतोच. शिकवावंच लागलं नाही. मग म्हणाला, दाजींना तर रोज लोळवतो.

ही माझ्याकडे बघायला लागली. खरं का हो, म्हणाली.

तोंडापर्यंत आलं होतं. अरे बाबा, सरावात समोरचा मुद्दाम पडतो. पण ते सांगितलं असतं तर डॉक्टरांच्या ज्या गोष्टी मी हिला महिनाभर सांगितल्या, त्याही गेल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणालो, हो, पोरात दम आहे.

हिला माझी दया आली. भावाला म्हणाली, जरा हळू पाडत जा रे त्यांना, लागत असेल. तो म्हणाला, काळजी करू नकोस ताई, दाजी पडतात फार छान, मला तसं जमणार नाही.

चला, कौतुक तर झालं, आणि हिच्यासमोर.