पाखरांच्या बेटावर

२ मे १९६१
होडीला गिऱ्हाईक आलं! रेवसचा माणूस दहा तारखेला बघायला येणार. यांनी मला न विचारता निरोपही धाडला. तीन वर्षं माडाच्या झापांखाली पालथी पडलीय, कुजण्यापेक्षा विकलेली बरी, म्हणे. त्याच होडीवरून चांगदेवभावोजींना लाटेनं नेलं, यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून हे मिठागराच्या कचेरीत हजेऱ्या लिहितात. कोळ्याचा मुलगा आणि खाडीत पायसुद्धा बुडवत नाही!
मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण फार नाही.

३ मे
तुळशीरामकाका, यांचे चुलते, आमच्या सखूला सांगत होते – उरणच्या पुढे भर दर्यात दोन बेटं आहेत. माणूस नाही, झाड नाही, नुसती पाखरं. या दिवसांत अंडी-पिल्लं. झालं! पोरीनं जेवण सोडलं. "बाबा आले तरच जायन." नऊ वर्षांची आहे, पण हट्ट आजीचा. सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या. काकांना फूस त्यांचीच, मला पक्कं ठाऊक आहे.

५ मे
हे नाही म्हणाले.

६ मे
हे हो म्हणाले!! सासूबाईंनी एवढंच विचारलं, "गणू, पोरीला पन दर्याला भ्यायला शिकवतंस काय?"
उद्या निघायचं. भाकऱ्या, सुकटीची चटणी, पाण्याचे दोन हंडे.

९ मे
नाक भाजलंय, अंग दुखतंय, पण लिहिणारच.
घारापुरीची जत्रा सोडली तर मी कधी होडीत बसलेली नाही. आणि हे – काकांच्या होडीत कचेरीच्या चपला घालून चढले! काका ओरडले, "चपला उतरव पयले! ही होरी हाय, हापीस नाय!" सगळं बंदर हसलं. हे दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून बसले. मलाही हसू आलं. मग माझीच मला लाज वाटली.
करंज्याला मुक्काम केला. काल सकाळी बेटं दिसली. त्याआधी आवाज – मासळीबाजारात शंभर बायका एकदम भांडाव्यात तसा! काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पाखरं, पाय ठेवायला जागा नाही. उघड्या कातळावर अंडी, काडीचंही घरटं नाही. काकांनी उतरू दिलं नाही. पाखरं उठली की अंडी उन्हात भाजतात.
एक पाखरू वरून सुळकन पाण्यात गेलं. सखू किंचाळली. तर चोचीत मासा घेऊन वर आलं आणि हजारांत नेमकं आपल्याच पिल्लापाशी उतरलं.
"बाबा, समदी परत येतान?"
"नाय. समदी नाय येत," हे म्हणाले. "तरी जातान. पिल्लू उपाशी हाय ना."
आणि रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा, भावाचं नाव घेऊन, पोरीसमोर. मीही रडले.
परतताना काका म्हणाले, "सुकानू धर जरा, तंबाखू मलतो." यांनी धरलं. काकांची तंबाखू आमच्या दिवाळे गावाचं बंदर येईपर्यंत मळून झाली नाही!

१० मे
रेवसचा माणूस आला. यांनी चहा पाजून परत पाठवला.

२१ मे
झाप काढले. दोन फळ्या गेल्यात, बाकी होडी ठणठणीत. हे रविवारचे फटींत कापूस ठोकत बसलेत. सगळ्या घराला डांबराचा वास. कटकट! (गोड आहे.)

२८ ऑगस्ट
परवा दर्याला नारळ दिला. आज पहाटे हे होडी घेऊन गेले. "येतो" म्हणाले, मी हसून "या" म्हटलं. आता ऊन कललंय आणि मी पाचव्यांदा बंदरावर जाऊन आले. तीन वर्षं ज्या भीतीला नावं ठेवली, ती माझ्या पोटात येऊन बसलीय. बसू दे.
भात टाकलाय. चौघांचा.