पाळण्यातलं कुत्रं

प्रिय उमे,

तुझ्याविरुद्ध एक फिर्याद दाखल करायची आहे. या घरातल्या एकाही डब्यात त्याच्या नावाची वस्तू का नाही? साखरेच्या डब्यात मेथ्या, मेथ्यांच्या डब्यात बटणं आणि दाभण, आणि ज्याच्यावर मी स्वतः वळणदार अक्षरात 'हिंग' लिहून दिलं होतं त्यात कमळीच्या लहानपणच्या बिंदल्या! निजामसरकारच्या करोडगिरी नाक्यावरून माल चुकवून नेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण तुझ्याइतकं चोख लपवणं त्यांच्या सात पिढ्यांना जमायचं नाही. जाताना निदान एवढं तरी सांगायचं होतंस, बाळंतशेपा कुठं ठेवल्यास!

बाळंतशेपा कशाला, असं विचारशील. म्हणून तर लिहायला बसलो. आपली कमळी परवा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते आहे. बार्शीहून छोट्या आगगाडीनं येडशीला उतरेल, तिथून बैलगाडीनं घरी. आणि माहेर म्हणजे कोण? तू श्रावणात गेलीस. आता घरात राहतो मी, आपली कपिला गाय आणि एक कुत्र्याचं पिल्लू. तिघांत बाळंतपणाचा अनुभव फक्त गाईला आहे.

पिल्लाचं नाव काढताच हसू नकोस. त्यात दोष तुझा आहे.

वैश्वदेव झाला की शास्त्राप्रमाणे श्वानबली म्हणून मी भाताचा एक घास बाहेर ठेवायचो. एक घास! तू मागून येऊन त्यावर अर्धी भाकरी कुस्करायचीस, वर ताक ओतायचीस. "अहो, घासानं तुमचं पुण्य होतं, कुत्रीचं पोट भरत नाही," हे तुझं भाष्य. अशानं ती वाघी परसात कायमची राहायला आली. पाटलाच्या वाड्यावरची कुत्री असल्याच्या थाटात ती येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकते, आणि मी परसात गेलो तर माझ्यावरही.

तू गेल्यावर मी परत शास्त्रावर आलो. एकच घास. वाघी तो हुंगायची आणि मग माझ्याकडं नव्हे, माझ्या मागच्या दाराकडं बघत बसायची. किती दिवस सहन करणार? शेवटी भाकरी थापायला शिकलो. थापतो, एवढं खरं. तिला भाकरी म्हणावं की नाही याबद्दल वाघीचं आणि माझं एकमत नाही.

दिवाळी झाल्यावर ती कडब्याच्या गंजीत व्याली. तीन पिल्लं पोटाशी चिकटलेली आणि चौथं वीतभर अंतरावर, एकटंच वळवळत पडलेलं. मला वाटलं, चुकून घरंगळलं असेल. काठीनं हलकेच सरकवून तिच्याजवळ नेलं. तिनं ते तोंडात धरलं, उठली, आणि पुन्हा होतं तिथं ठेवून आली. इतक्या शांतपणे, की जणू दुसऱ्याच्या घरची वस्तू आपल्याकडं आली होती ती परत केली. मी पुन्हा नेलं. तिनं पुन्हा ठेवलं. मी तिला बरंच सुनावलं. मातृधर्मावर माझ्याकडं वचनांचा तुटवडा नाही. तिनं एक लांब जांभई दिली.

तू असतीस तर काय केलं असतंस? पदरात घेतलं असतंस आणि मोकळी झाली असतीस. मला ते सुचायचं नव्हतं. मी आंघोळ करून, सोवळ्याचा मुकटा नेसून देवाच्या तयारीत होतो. कुत्रं घरात घ्यायचं तर शुद्ध करून घ्यावं, हे सुचलं. म्हणून त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पाणी शिंपडलं, आणि आडाच्या गार पाण्यानं स्वच्छ आंघोळ घातली. कार्तिकातली सकाळ! दोन दिवसांचा जीव! माझ्या तळहातावर ते बघता बघता लाकडासारखं झालं. आवाजही थांबला.

तेव्हा काय केलं ते इथं कुणाला सांगितलेलं नाही. मुकटा सैल करून ते पोटाशी धरलं, वरून वस्त्र आवळलं आणि चुलीसमोर जाऊन बसलो. देव ताम्हनात उघडे, पारोसे, माझी वाट बघत होते. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा.

नेमकी तेव्हाच गौराक्का आली. तेलाच्या दुकानातली आपली शेजारीण, तिचं वर्णन तुला काय करायचं! एकादशी कधी आहे हे विचारायला आली होती. ती लिंगायत बाई आपली एकादशी पाळत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मी जेवलो की नाही हे बघायला ती रोज एक नवी तिथी विचारते.

"शास्त्रीबुवा, पोटाशी काय लपवलंय वो?"

"काही नाही."

"काही न्हाय ते हलतंय की!"

हललं होतं, उमे! तिनं म्हटल्यावर मलाही कळलं. पोटाला काहीतरी बारीक ओरबाडत होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला अष्टमीच एकादशी म्हणून सांगितली.

मग तिनं तिच्या शेळीचं दूध आणून दिलं आणि म्हणाली, कापसाच्या बोळ्यानं पाजा. कापूस कुठं आहे? पुन्हा तुझे डबे! अखेर गुळाच्या मडक्यात तू वळून ठेवलेल्या समईच्या वाती सापडल्या, वर्षभर पुरतील इतक्या. एक वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाशी धरली. आधी ते नुसतं तोंड फिरवत राहिलं, आणि मग असं काही चोखायला लागलं की वात माझ्या बोटांतून ओढली गेली. तेव्हापासून तू वळलेल्या वाती कुत्र्याच्या तोंडी जात आहेत. देवापुढं रोज एकच लावतो. लढाईच्या दिवसांत रॉकेल नाही, साखर नाही, देवानंही थोडी काटकसर शिकावी.

सुरुवातीला त्याला शिवलं की मी आंघोळ करायचो. एवढ्याशा पोटाला सारखी भूक, त्यामुळं मला सारखी आंघोळ. आड तळाला, दोरीनं हात सोललेले, आणि सर्दी अशी की संकल्प म्हणताना स्वतःचं गोत्रही नीट उच्चारता येईना. एक दिवस नुसते पाय धुतले आणि पूजेला बसलो. दुसऱ्या दिवशी पायही धुतले नाहीत. काही झालं नाही. निदान अजून तरी.

दमलोय गं. गाय, चूल, लोकांचे मुहूर्त, शाळेतली पोरं, आणि मधे मधे हे. निजलो तरी कान उघडेच राहतात. तू एकहाती इतकं कसं करत होतीस, आणि वर मला ताटावर बसल्या बसल्या "मीठ कमी आहे" म्हणू कसं देत होतीस?

आता पाळण्याचं ऐक, कारण सगळं त्यावरच येऊन अडलं होतं. कमळीसाठी माळ्यावरचा पाळणा काढला. कड्या गंजल्यात का, दोऱ्या धरतात का, हे झुलवून बघायचं होतं. गौराक्का ओसरीवरून ओरडली, "रिकामा पाळणा झुलवू नका वो! वाईट असतंय!"

"मग काय करू?"

"वरवंटा ठेवा की आत. बारशाला ठेवतेत तसा."

वरवंटा आणायला उठलो, तेवढ्यात आळीतला बोका पिल्लाच्या टोपलीजवळ दिसला. मनात आलं, एका दगडात दोन कामं. दगड नकोच. पिल्लूच पाळण्यात ठेवलं. बोकाही चुकला, पाळणाही रिकामा राहिला नाही. चार झोके दिले आणि ते झोपलं! इतके दिवस ज्यासाठी मी जिवाचं रान करत होतो ते चार झोक्यांत झालं. मग रोजच ठेवू लागलो.

गौराक्कानं कपाळ बडवलं. "म्या वरवंटा म्हनलं, तुमी कुत्रं ठेवलं! शिकल्याली मानसं!"

आणि बाजाराच्या दिवशी बार्शीहून व्याही आले. तुझ्यामागं पहिल्यांदाच. पाणी दिलं, पायांवर घेतलं त्यांनी. बसले, पण टेकले नाहीत.

"शास्त्रीबुवा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आम्हालाही कळते. पण वहिनी गेल्या. घरात बाईमाणूस नाही. वेळ आली तर तुम्ही काय, मुहूर्त बघत बसणार?"

मी सांगितलं की गौराक्का आहे, गावची सुईण आहे, तयारी चालू आहे. त्यांची नजर फिरली.

"वा! पाळणा तर काढलात!" त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. कौतुकानं उठले, दोरीला हात घातला, आत वाकले. आणि तसेच राहिले.

"हे काय?"

"श्वान," मी म्हणालो. त्या क्षणी मला दुसरा शब्द सुचला नाही.

"माझ्या नातवाच्या पाळण्यात कुत्रं?"

"नातू यायचाय अजून. रिकामा पाळणा झुलवू नये म्हणून..."

"मग वरवंटा मिळाला नाही?"

"वरवंट्याला थंडी वाजत नाही हो, व्याहीबुवा."

खरं तेच सांगितलं होतं, पण त्यांना ती थट्टा वाटली. तुझ्यासमोर असलं बोललो असतो तर तू मागून पदर तोंडाला लावून डोळे वटारले असतेस, आणि मी वेळेवर गप्प बसलो असतो. ते पायात चढावा घालून उभे राहिले. "राहू द्या. पोरगी आमच्याकडंच बाळंत होईल," म्हणाले, आणि चहाही न घेता गाडीत बसले.

आणि उमे, मला काय वाटलं असेल? अपमान? दुःख? मला हायसं वाटलं! गाडी वळणापलीकडं गेली आणि मी भिंतीला टेकून किती तरी वेळ नुसता बसून राहिलो, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखा. बार्शीला दवाखाना आहे, डॉक्टर आहे, सासू आहे. सगळं आहे. मी स्वतःला हेच सांगत होतो, आणि गौराक्काला सांगितलं तेव्हा ती तिथी न विचारताच परत गेली. ती तिथी विचारत नाही तेव्हा मला तिची भीती वाटते.

पण तुझी पोर! पुढच्या बाजाराला व्याह्यांचा गाडीवान दारात. मुंडासं सारखं करत म्हणाला, "वैनीसायबांनी निरोप धाडलाय. बाळतपन म्हायेरीच, म्हनल्या. लई रुसल्या वो, ताटावरनं उठत्यात. मालकांनी शेवटी व्हय म्हनलं."

"आणखी काय म्हणाली?"

"पाळन्यातलं कुत्रं काढू नगा, म्हनल्या. मला बघायचंय. आई असती तर तिनंच ठिवलं असतं, म्हनल्या."

मी त्याला पाणी द्यायला आत गेलो आणि बराच वेळ तांब्याच सापडला नाही.

पिल्लाचे डोळे आता उघडलेत. थाळीतलं दूध चाटतं, नंतर त्याच थाळीत बसतं. परसात सोडलं तर वाघीच्या पोरांत जाऊन लोळतं. ती त्याला चाटत नाही, पण हाकलतही नाही. मी तिच्यावर रागावणं सोडून दिलं आहे. तिच्याजवळ दूध तिघांपुरतंच होतं, आणि हे तिला माझ्या आधी कळलं.

आता वचन देतो, तुला हवं तसं, आडपडदा न ठेवता. परवा गाडीत कडबा हातभर उंच पसरीन, वर तुझी जाड गोधडी. ओढ्यापाशी बैल धरून मी स्वतः चालेन. सुईणीला सांगून ठेवलंय. गौराक्का रोज कमळीच्या खोलीत निजायला येणार आहे. तेही तिनं तिथी विचारत विचारतच ठरवलं. आणि कमळीच्या जन्माच्या वेळी मी विटाळ, सोयर म्हणून ओसरीवर जप करत बसलो होतो, तसा यावेळी बसणार नाही. तिनं हात पुढं केला तर माझा हात तिथं असेल. आंघोळींचं नंतर बघू.

हे सगळं करीन. मला काळजी त्याची नाही. वेणा वाढल्या की पोरी आईला हाक मारतात. तूही मारत होतीस, मी ओसरीवरून ऐकली आहे, आणि तेव्हा तुझी आई आतून "आहे गं, इथंच आहे" म्हणत होती. कमळीही मारेल. तिला मी काय सांगू, ते मला माहीत नाही. मला त्याची फार भीती वाटते, उमे.

तुझा,
वासुदेव